तेरा घरं

सोहारला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून
डिशच्या खांबापर्यंत एक तार ताणलीय.
खांबावर चढला तो खलफान, घरमालकाचा धाकटा.
मासे वाळवायला? त्यानं विचारलं.
म्हटलं, हो, तसंच काहीसं.

तारेचं टोक खिडकीतून आत येतं
आणि खजुराच्या पत्र्याच्या डब्यात
पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड
रात्रभर कान लावून बसतो.
पंखा नाही, पडदा नाही, एक हिरवा दिवा.
जूनमध्ये मारितेस त्याच्यावर तळवा ठेवून म्हणते,
याला ताप आहे, सिस्टरला बोलव.
सिस्टर तीच.

जगभरातली माणसं पंधरा-पंधरा सेकंदांनी बोलतात.
बोलतात म्हणजे नाव, आपल्या मुलखाचा चौकोन,
आणि तू मला किती क्षीण ऐकू आलास त्याचा आकडा.
उणे चौदा. उणे एकोणीस.
उणे एकवीसला माणसाच्या कानाला नुसती खरखर,
बोर्ड मात्र खड्यांच्या राशीतून
एक तांदूळ वेचून आणतो.

रात्री, शेजारचा कंप्रेसर गप्प असला, तर
येतो जिनपालकाका. इचलकरंजी.
यंत्रमागाच्या जळक्या मोटारी बांधणारा.
त्यातल्याच उरल्या तांब्याची ही कॉइल,
वेढे मोजताना त्याचे ओठ हलायचे:
चव्वेचाळीस. आता कुणी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाई.

बोलायचा परवाना माझा अजून अर्जात आहे,
अर्ज मस्कतला. मी फक्त ऐकते.
पण ज्याला ऐकलं त्याचं नाव
बोर्ड आपणहून नकाशावर नेऊन ठेवतो,
आणि काका जेवणानंतर नकाशा उघडून बघतो
सोहारवर ठिपका पडला का.
फोन आहे की. पण फोनवर तो
"बरं, ठेव, बिल वाढतंय"च्या पुढं जात नाही,
अजूनही.

मंगळवारी लाईट गेली. आली तेव्हा नेट मेलेलं.
या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं,
उठल्यावर दुसऱ्याला विचारून घेतो किती वाजले.
विचारायला कुणी नसलं की
झोपला तोच क्षण धरून बसतो,
जशी मी सुट्टीत घरी जाऊन विचारते,
कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दिसत नाही?
आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

दोनतीन सेकंद चुकले तरी
ऐकू सगळं येतं, कळत काही नाही.
बोर्डाचे तीन दिवस तसे गेले, शिट्ट्यांच्या गर्दीत.
माझेही. प्लँटवर समुद्र गोड करणारे दोन पंप बसले होते,
गेज बदलता बदलता
पाळी कुठली संपली, कुठली लागली, कळलं नाही.

शुक्रवारी रात्री नेट आलं.
बोर्डानं वेळ विचारली
आणि एका झटक्यात तीन दिवसांनी म्हातारा झाला.
पहिल्या पंधरा सेकंदांत काही नाही.
दुसऱ्यात कुणी बल्गेरियन.
तिसऱ्यात, उणे बावीस.

मोकळ्या मजकुराला तेरा घरं मिळतात,
फक्त रोमन, फक्त मोठी अक्षरं,
ना काना ना मात्रा.
त्यातली अकरा भरलेली:
जेवलीस काय?

उरलेल्या दोनात नाव मावत नाही.
आणि निनावी ओळ नकाशावर जात नाही,
म्हणजे मला पोचलं हे त्याला कळणार नव्हतं.
पण जपानपासून ब्राझीलपर्यंत
या पट्ट्यावर दुसरं कोण हे विचारणार?
कधीपासून विचारत होता,
तेही कुठं लिहिलेलं नव्हतं.

एक पाळी सोडून पुन्हा. पुन्हा.

साडेदहा वाजले होते, तिकडं बारा.
मी नव्हते जेवले.
कुकरमधला गार भात ताटात घेतला, वर लबान ओतलं,
आणि खजुराच्या डब्यासमोर उभ्यानंच बसल्यासारखी जेवले.
उत्तर द्यायचा परवाना नाही,
म्हणून शीतही ठेवलं नाही.