थ्रेडबेअर

धडा सहावा, ओळ तिसरी:
प्रश्न थ्रेडबेअर चर्चिला गेला.
मी फळ्यावर शब्द लिहिला, पुढे बरोबरचं चिन्ह,
चिन्हापुढे जीर्ण.
गाइडात तेवढंच होतं.

कन्ना चौकातली रात्रशाळा. साडेसात वाजून गेलेले,
भिंती अजून दुपारच्याच.
पंख्याला एकच वेग, तोही त्याच्या मर्जीचा.
वीस जणांनी वहीत जीर्ण उतरवून घेतलं.
एकविसाव्याने नाही.

अंबादास येमूल, वय बावन्न,
दिवसभर अक्कलकोट रोडला टॉवेल तपासतो,
डाग, गाठ, सुटलेला धागा.
हात वर न करताच बोलला,
'तसं नाही ओ मॅडम.
जीर्ण म्हणजे हात लावला की फाटतंय.
हे फाटलेलं नाही.'

उठून आला. डस्टर उचललं,
त्यांच्याच कारखान्यातला नापास टॉवेल,
चौकोनी कापून शाळेला दिलेला,
आणि ट्यूबलाइटसमोर ताणून धरलं.
'टर्किशला वर बारीक फासे असतात. पाणी तेच पितात.
धुऊन धुऊन ते झडले
की खालचा उभा धागा दिसायलंय, आडवा दिसायलंय,
कुठं कुणी गाठ मारून वेळ मारून नेली
तेपण दिसायलंय.
कापड अजून धरून असतंय ओ.
फक्त लव गेली.'

लव गेली म्हणताच मागचा बाक फिस्सकन हसला.
तोही हसला. त्याला कळलं होतं.

मग मराठीत काय म्हणाल, मी विचारलं.
आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटला, ते मला आलं नाही,
मग म्हणाला, 'विरलंय.
पण लिहू नका. परीक्षेत चालायचं नाही.'

आणि चर्चा कशी विरते?
हे हेमलता वडनालने विचारलं, शिलाई मशीनवरून थेट आलेली,
दोऱ्याचे तुकडे बाहीला तसेच.
अंबादास जागेवर जाऊन बसला होता.
'मिल बंद झाली तेव्हा गेटाबाहेर बसायचो की आम्ही.
सात महिने. रोज तेच बोलणं.
बोलून बोलून बोलणं झडलं,
मग नुसतं दिसायचं,
कोण कुणाला धरून होतं, आणि कोण नव्हतं.'

मी जीर्ण पुसलं. डस्टरने नीट पुसलंच नाही.
सकाळच्या वर्गाला इनामदार सरांनी
त्याच अंधुक शब्दावर वजाबाकी मांडली म्हणे.

चाचणीत विचारलं: वाक्यात उपयोग करा. दोन गुण.
सोळा जणांचे शर्ट थ्रेडबेअर होते.
हेमलताने लिहिलं, नवऱ्याच्या सबबी थ्रेडबेअर आहेत.
मी तिला दोन दिले, आणि खूण जरा मोठी काढली.
अंबादासच्या कागदावर, अक्षर ठसठशीत, रेघ सोडून वर चढलेलं:
मदर्स थम्ब इज थ्रेडबेअर. मशीन सेज नॉट फाउंड.

विडी घरकुलातली बाई. मी तिला पाहिलेलं नाही.
रोज हजार विड्या, अशी किती वर्षं.
रेशनच्या दुकानात अंगठा एकदा,
पुसून दुसऱ्यांदा,
पदराला घासून तिसऱ्यांदा,
मागच्या रांगेचं च् च् करणं.
मी माझा अंगठा दिव्याखाली धरला.
तिथेही फासेच असतात,
गोल, एकात एक.

डिक्शनरी काढली. कोट होता, गालिचा होता,
सांगून सांगून शिळा झालेला विनोद होता.
अंगठा नव्हता.

लाल पेन टेकवून बराच वेळ बसले.
अर्थ बरोबर. स्पेलिंग बरोबर.
मदरच्या आधी माय लिहायचं राहून गेलेलं.
त्याचा अर्धा गुण कापला. नियम आहे.

कागद परत घेताना त्याने ती लाल खूण
धागा तपासावा तशी डोळ्यांजवळ नेली.
'बरोबर आहे मॅडम,' म्हणाला,
'माय राहिलं.'