वासाला रकाना नाही

ज्या लादीनं लवूचं डोकं फोडलं
ती दुपारपर्यंत पाणी झाली,
गटारातून खाडीला मिळाली.
पंचनाम्यात आलं: फरशी ओली होती.
कारखान्याचे वकील विचारतात,
वस्तू कुठे आहे?

साखळी तीन महिने करकरत होती.
मुकादमाला सांगून झालं, मालकाला सांगून झालं,
शेवटी कुणीतरी सुतळीनं बांधली.
सुतळीनं. दीडशे किलोची लादी.
आता साखळी नवी आहे, पिवळ्या रंगाची,
आणि हजेरीच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर
लवू कुबल नावाचा माणूसच नाही.
म्हणे बर्फ मागायला आला असेल.
म्हणे प्यायला असेल.

पहाटे देवगडच्या बंदरावर, लिलावाआधी,
व्यापारी त्याला हाक मारायचे.
तो टोपलीवर वाकायचा, एकदाच श्वास घ्यायचा
आणि म्हणायचा: कालचो.
किंवा: आत्ताचो, घेवा.
त्यावर वाद नसायचा.
टोपलीमागे पाच रुपये आणि चहा,
मग आठ वाजता कारखान्यात, लाद्या ओढायला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्याच्या नाकाशी
कॉफी धरली, लवंग धरली, साबण धरला.
लवू माझ्याकडे बघत राहिला,
उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.
नाक शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले,
डोकं हिसकलं की आतले बारीक धागे तुटतात.
दाखल्यावर लिहिलं, पस्तीस टक्के.
वासाला रकाना नव्हता.

पस्तीस टक्क्यांत काय काय बसतं ते मला विचारा.
दूध करपून कोळसा होतं, तो चुलीशेजारीच बसलेला.
विहिरीवर जातो, दोर धरून उभा राहतो,
कशाला आलो ते विहिरीला विचारतो.
ताट भिरकावतो,
मग संध्याकाळपर्यंत एक एक शीत वेचतो.
धाकटी जन्मली ती ह्या सगळ्यानंतर.
तिच्या टाळूला नाक लावतो
आणि मान वर करतो,
बंद दारावरून परत फिरल्यासारखा.

ओरोसला अकरावी तारीख.
आमच्या वकीलबाई आदल्या रात्री फोनवर म्हणाल्या,
त्यांना शिकवून आणू नका,
जसे आहेत तसे दिसू देत.
तसे म्हणजे कसे, बाई,
मंगळवारचे की शुक्रवारचे?

समोरच्या वकिलांनी विचारलं,
नाव? गाव? महिना कोणता चालू आहे?
लवू ताठ उभा. शर्टाची बटणं बरोबर लावलेली.
"लवू भिकाजी कुबल. तारामुंबरी.
फाल्गुन. शिमगो आठ दिसांवर इलो."
वकील हसले, खाली बसले,
कागद नीट लावायला लागले.
आणि मला, त्याच्या बायकोला,
दीड वर्षानं नवरा दिसला,
डोळे भरून आले,
आणि त्याच घटकेला पोटात गोळा:
रवळनाथा, आजच पावायचं होतं तुला?

मी उभी राहून सांगायला गेले, दुधाचं, विहिरीचं.
साहेब म्हणाले, तुमची वेळ येईल.
पुढची तारीख चौदा जून.

स्टँडवर देवगड गाडी डोळ्यांदेखत सुटली.
एक म्हातारी सुरंगीचे वळेसर घेऊन बसली होती.
लवूनं वीस रुपये मोजले. परत मोजले. परत.
वळेसर घेतला, माझ्या केसांत माळला, वाकडाच.
मग टोपलीवर वाकायचा तसा वाकला,
एकदाच श्वास घेतला,
थांबला.
"कसलो वास येता? सांग गे."

गोड, मी म्हटलं. जड.
मधासारखा, पण मध नव्हे. उन्हात तापलेला.
लग्नात आईनं ट्रंकेत घातले होते, तसा.
बोलता बोलता शब्द संपले,
आणि मला कळलं
की चौदा जूनला मला हेच करायचंय,
अनोळखी माणसांपुढे, पुराव्यासकट.

लवू मान हलवत होता, मन लावून,
भाव ऐकावा तसा.
"आणि?" म्हणाला. "आणि?"