कर्ता ओळखा

आठवी ब. दुसरा तास इतिहास,
तिसरा मराठी. दोन्ही माझेच.
खिडकीबाहेर शनिवार पेठ,
बोळात कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेतंय.

मी धडा वाचते:
'पेशवाईत काहींच्या गळ्यात मडके बांधले जाई.'
आणि पुढच्या वाक्यावर जाते,
जशी दरवर्षी जाते,
गतिरोधकावरून स्कूटर न्यावी तशी.

दीप्ती रणपिसेचा हात वर.
'कोणाकडून, बाई?'

कालच शिकवलं होतं मी, कर्मणी प्रयोग.
कर्त्याला 'कडून' लागतं,
आणि नको असेल तर कर्ता गाळताही येतो,
वाक्य मोडत नाही.

मी पानं चाळते.
गड जिंकला, त्या धड्यात कर्ता आहे,
'ने' लावून, घोड्यावर बसून.
प्लेगात घरात घुसले, तिथेही आहे:
गोरे सोजीर.
पानशेतला मात्र 'धरण फुटले'.
बिचारं धरण, एकटंच कर्ता.
आमच्या जिन्यात पाण्याची खूण होती, छातीभर.
दर दिवाळीत तिच्यावर डिस्टेंपर,
दर आषाढात ओल बरोबर तिथवर.
शिपाई बबनराव तिथे कॅलेंडर टांगतात.

घरचं व्याकरण तरी कुठे वेगळं होतं?
अठ्ठेचाळीस साली आजोबांचा छापखाना 'जळला'.
आदल्या संध्याकाळी आळीत पेढे 'वाटले गेले'.
जाळणाऱ्यांना हात नव्हते,
पेढेवाल्यांनाही नव्हते,
आणि कुणी विचारलंच तर आई म्हणायची,
भाजी निवतेय, जेवा.

वर्ग थांबलाय.
फळ्याच्या कोपऱ्यात तारीख,
पट साठ, हजर त्रेपन्न,
वर्गशिक्षिका, आणि पुढे माझं आडनाव.
शाळा भरताना मीच लिहिलेलं, वळणदार.

मी म्हणाले, 'परीक्षेला येत नाही ते.'

सहामाहीत प्रश्न तिसरा, कर्ता ओळखा.
वाक्यं मी निवडून दिली होती,
गाय, आंबा, सुताराने केलेली खुर्ची.
दीप्तीने पाचही बरोबर सोडवली,
आणि खाली पेन्सिलीने, समासात:
'मडक्याचं राहिलं, बाई.'

आठवडा झाला, गठ्ठा टेबलावर आहे.
बाकी सगळे तपासून झाले.
आज तिच्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं,
'आमच्याकडून.'
मग गुण कसे द्यायचे ते कळेना,
आणि कोणाला.
पहिल्या पानावरच्या बेरजेची चौकट
तशीच कोरी ठेवून
दिवा घालवला.
मी.