काटलेला आकडा

चौतीस हजार नऊशे नव्वद.
त्यावर लाल शाईची आडवी रेघ,
खाली ठसठशीत: एकवीस हजार पाचशे.
मी दुकानातल्या पोराला विचारलं,
"काटलेल्या आकड्यात कधी कोनं नेला का रे हा?"
तो हसला.
"काका, तो कंपनीतूनच तसा येते."

म्हणजे जन्मापासूनच काटलेला.

सकाळच्या एसटीनं दिग्रसला आलो होतो,
उन्नती खिडकीशी, मी दांडा धरून,
आतल्या खिशात फेब्रुवारीपासूनचे
एकशे बारा कूलर:
वुडवूलच्या जाळ्या, गंजलेले पंप,
जळालेल्या मोटारींवर पुन्हा गुंडाळलेली तांब्याची तार,
वेढे मोजत, चुकलं की परत एकपासून.
यंदा ऊन चांगलं पडलं,
असं मी लोकांसमोर म्हणत नाही.

वस्तू हातात आली की मी आधी तिचं वजन घेतो.
हलकी होती. जास्तच हलकी.
बिजागरी दोनदा उघडून मिटून पाहिली,
तिसऱ्यांदा पोरगा म्हणाला, "हळू, काका."
कानाशी धरली. काहीच आवाज नाही.
"पंखाच नाही यात," तो म्हणाला,
जसं काही त्यानंच काढून टाकला होता.
बिनपंख्याचं यंत्र,
आमच्या टिनाखाली, मे महिन्यात!

उलटी केली.
सात पेच, एकावर कागदाची टिकली:
ही फाटली की वॉरंटी गेली.
वरच्या खिशातल्या पेचकसावर माझा हात गेला
आणि परत आला.
"अन् मेमरी कमी पडली तं? वाढवता येते?"
"आतमधी चिकटूनच हाय ते. जेवढी हाय तेवढी."

जेवढी आहे तेवढी.
दहावीच्या निकालादिवशी गुरुजी
आमच्या ओट्यावर बसून असंच बोलले होते,
माझ्या बापाशी, माझ्याबद्दल.
चहा मात्र पूर्ण प्याले.

पुढचं उन्नतीनं विचारलं.
वहीत लिहून आणलेलं, एकेक.
दुसऱ्या प्रश्नाला पोरानं मालकाकडे पाहिलं,
तिसऱ्याला मालकानं छताकडे.
आम्ही निघालो तेव्हा तो मागून ओरडला,
"सोमवारपर्यंतच हाय बरं का ऑफर!"

रसवंतीत बसलो.
तिनं गिलासाला तोंड लावलं नाही,
टेबलावरचा ओला गोल बोटानं पुसत राहिली.
"बाबा, यवतमाळले जुने भेटते.
बँकेतून निंगालेले. चौदा हजार.
जाड हाय, वजनी हाय, पेच उघडते,
मेमरीबी टाकता येते मागून. फक्त…"
"फक्त काय?"
"पंखा घरघर करते म्हणे."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"
"तुमाले वाटलं असतं,
मी तुमच्यासाठी जुनं पाहून रायली."

आमच्या घरात टेबलफॅन आहे, डॉक्टरांनी टाकलेला.
मिक्सर पाटलीणबाईंच्या सुनेचा.
टीव्ही कोणाचा होता, आता आठवत नाही.
सगळं चालतं. सगळ्यांच्या पोटात
माझे हात जाऊन आलेत.
एक तरी खोकं यावं दारात,
थर्माकोलसकट,
ज्याच्या आत काय आहे ते मला माहीत नसावं,
एवढंच वाटत होतं. बावीस हजारांचं वाटणं.
तिला सांगितलं नाही.

रस कोमट झाला.
मी विचारलं, "केवढा असते त्यातला पंखा?"
तिनं अंगठा आणि बोट धरून दाखवलं,
ग्लुकोजच्या बिस्किटाएवढा.
"एवढासा?"
"एवढासा."

तेवढ्यात चरख्याची घुंगरं थांबली.
रसवंतीवाला शिव्या देत चाक मागेपुढे करू लागला,
ऊस अडकला होता, का बेल्ट सरकला होता.
मी गिलास ठेवला
आणि बघायला उठलो.