प्रश्न चौथा, गुण सोळा

'घडणकादंबरी ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.'
सोदाहरण हा शब्द मी दोनदा वाचला.
नदीपात्रात ढोलपथकाचा सराव चालला होता,
पर्यवेक्षकांनी खिडकी लावली,
तरी काच थरथरत राहिली.

ढवळीकर सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: बिल्डुंग्सरोमान.
'ग्स'वर खडू मोडला.
जर्मन शब्द आहे, म्हणाले, घाबरू नका.
एक तरुण असतो. गाव असतं. गाव त्याला अपुरं पडतं.
मग तो शहरात येतो, ठेच खातो,
भलत्याच माणसाला गुरू मानतो, प्रेमात पडून उठतो
आणि शेवटी जगाशी तडजोड करतो.
तडजोड, खाली रेघ मारा. परीक्षेला येतं.

रात्रीचे सव्वाआठ. मागच्या बाकावर
सिक्युरिटीच्या निळ्या शर्टातला अंकुश लोंढे
बसल्या बसल्या झोपलेला. सर त्याला उठवत नसत.

मी हात वर केला. म्हटलं, सर,
मी कासेवाडीची. जन्म ससूनला.
मला शहरात यायचं असेल
तर कुठून येऊ?

वर्ग हसला. सर हसले नाहीत.
पुढच्या तासाला सांगतो, म्हणाले.
पुढच्या तासाला त्यांनी शोकांतिका सुरू केली.

तेव्हा उत्तर मीच लिहायला घेतलं.
नायिकेचा प्रवास: कासेवाडी ते शनिवार पेठ,
बोहरी आळीतून, चालत पस्तीस मिनिटं,
चप्पल तुटली तर पन्नास.
दिवसा ती नाना पेठेत, ओसवालांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात.
क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेअरिंग बासष्ट-शून्य-तीन.

कॉलेजात नाव घातलं त्या आठवड्यात
शेवंतामावशी नळावर आईला म्हणाली,
पोरगी रात्री साडेनऊला घरी येती. बिघडली.
आईनं हंडा उचलला, काही बोलली नाही.
घरी आल्यावर मला विचारलं,
खरंच शिकवतात ना गं?

बिघडली.
पुरवणीवर हा शब्द लिहिला आणि थांबले.
सरांचा शब्द त्यात होताच की,
घडली,
नळावरच्या तोंडून आलेला, पुढे फक्त एक बि.
ऱ्हस्व आहे, नाहीतर बी म्हटलं असतं.

ओसवालांच्या दुकानात
काही बिघडल्याशिवाय कुणी येत नाही.
रिक्षावाले येतात, तळहातावर झिजलेला तुकडा,
म्हणतात, अगदी असाच द्या, फक्त नवा.
जुना काउंटरवरच सोडून जातात.
मी लगेच फेकत नाही.
लायनर किती खाल्लाय त्यावरून कळतं
माणसाला कितीदा थांबावं लागलं.

तडजोडीवर चार ओळी लिहिल्या.
भोसरीचा एक मुलगा बघून गेला होता, ते लिहिलं नाही.
त्याच्या आईनं विचारलेलं, बीए करून काय करणार?
मी म्हटलं, बीए.

शेवटी नायक मागे वळून बघतो
आणि त्याला गाव लहान दिसतं, असं नोट्समध्ये आहे.
माझी गल्ली आधीच लहान.
समोरून कुणी आलं की एकानं भिंतीला टेकायचं.
मी रात्री दप्तर छातीशी धरून तिरकी शिरते,
कुणाच्या तरी टीव्हीचा उजेड पायावर पडतो,
आणि वळून बघायला
जागा नसते.

पेपर पंधरा दिवसांनी हातात आला.
सोळापैकी नऊ.
समासात लाल शाईत, सरांचं बारीक अक्षर:
उदाहरण चांगलं आहे. कोणत्या कादंबरीतलं?
लेखकाचं नाव लिहावे.

पहिल्या पानावर आहे, सर.
आसनक्रमांकाच्या वर.