वीत आणि दोन बोटं

आई अंतर मोजते ती शिवणाच्या दोऱ्यानं.
सान्तियागोच्या दक्षिणेला, तिच्या अरुंद दुकानात,
शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल मांडीवर घेऊन
तिनं एक टोक आपल्या गल्लीवर अंगठ्यानं दाबलं,
दुसरं माझ्या ऑकलंडवर.
सपाट नकाशावरची सरळ वाट
दोरा ताणल्यावर खाली घसरली, बर्फाच्या अंगाला.
"वीत आणि दोन बोटं," ती फोनवर म्हणाली.
"एवढ्यात तर बाहीसुद्धा होत नाही, यास्ना."

मी आकडे सांगितले:
साडेनऊ हजारांच्या वर किलोमीटर,
इकडे येताना तेरा तास,
परत जाताना वारा पाठीशी, म्हणून अकरा.
खाली एकही दिवा नाही.
आकडे ऐकताना ती टाचण्या तोंडात धरते,
म्हणजे बोलावं लागत नाही.

सहा वर्षांनी आली.
रविवारी रात्री बसली, मंगळवारी पहाटे उतरली.
बॅगेतली बोल्दोची वाळली पानं तपासणीवाल्यांनी काढून घेतली,
त्याचं तिला काही वाटलं नाही.
"पण माझा सोमवार कुणी घेतला?"

तिच्या हिशेबाच्या वहीत रोज एक ओळ असते:
किती काजं, किती बटणं, कुणाची उधारी.
बाबा गेले त्या दिवशीही होती. एक चेन बदलली, म्हणून.
सोमवारची जागा तिनं कोरी ठेवली,
शिवणीत माया सोडतात तशी,
पुढं कधी उसवून वाढवावं लागलं तर.

पाच आठवडे राहिली.
माझे सगळे पडदे आखूड केले,
शेजारच्या मेरेआनाच्या नातीला झगा शिवला,
इथल्या पावाला रोज नावं ठेवली.
मी बंदरावरून मासळी सोलून परतले
की माझे हात लिंबाच्या फोडीनं चोळायची,
काही न विचारता.

बुधवारी दुपारी चार वाजता, विमानतळावर,
रडतानाही ती माप घेत होती.
माझ्या दंडाभोवती तिची बोटं एकदा फिरली.
"वाळलीस."
सहाला विमान सुटलं.

पहाटे पाचला फोन. माझा गुरुवार.
ती उतरली होती; मागं गर्दी, हमालांच्या हाका,
आणि तिच्या आवाजात भर दुपारचं ऊन.
"यास्ना, भिंतीवरचं घड्याळ बघतेय.
बुधवारच आहे गं. एक वाजलाय."
हो आई, तसंच असतं, मी म्हटलं.
"म्हणजे तू मला सोडायला अजून घरातून निघालीच नाहीस."

मी काही बोलले नाही.
टाचण्या आता माझ्या तोंडात होत्या.

"चार वाजायला तीन तास आहेत," ती म्हणाली,
"तोवर जेवून घे.
आणि येताना तो स्वयंपाकघरातला पडदा आण,
त्याची एक शिवण तिरकी गेलीय."