मंगळवारचं पान

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला
रोज एक पान फाडायचं कॅलेंडर.
पुढे तारीख, मागे वचन,
त्याखाली चार ओळींचा बोध,
कॉफी गार व्हायच्या आत वाचून संपेल एवढाच.

मंगळवारी निघालं ते वेदीचं:
दान घेऊन आलीस, चांगलं केलंस,
पण भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सलत असेल
तर ते राहू दे इथेच. आधी त्याच्याकडे जाऊन ये.
मी पान घडी करून एप्रनच्या खिशात टाकलं
आणि कामावर गेले.

क्लाक्सवीकच्या मासळी कारखान्यात
कॉडच्या पाठीवरून सुरी सरकते,
काटा एकीकडे, मांस एकीकडे.
इतकं स्वच्छ वेगळं होतं सगळं
ते याच टेबलावर.

सात वर्षं हिशेब ठेवलाय मी हानुसचा.
आईच्या दफनाला उशिरा आला,
वाटणीत दोन मेंढे जास्त नेले,
माझ्या पन्नाशीला साधा फोन नाही.
पण वचन विचारत नव्हतं
माझ्या मनात काय आहे.
त्याच्या मनात काय आहे, ते विचारत होतं.
हातमोजा काढून मी परत वाचलं,
वाटलं, छपाईत चुकलं असेल.

त्याच्या मनात काय असणार?
बाबांची नाव.
मी विकली ती त्याला न विचारता
थोर्सहावनच्या एका दातांच्या डॉक्टरला.
निम्मे पैसे पाठवले. चोख निम्मे.
पण डाव्या वल्ह्यावर त्यानं नवव्या वर्षी
चाकूनं कोरलेलं स्वतःचं नाव होतं,
ह उलटा पडलेला.
त्याचे निम्मे मी कसे केले होते?

मंगळवारी कालसोयची फेरी चालू होती.
मी म्हटलं, आज ओव्हरटाइम आहे.
बुधवारी वारा सुटला, फेरी बंद.
तेव्हा मात्र मला जायची केवढी घाई!
खिशातलं ते पान, ओलं, मासळीचा वास मारणारं,
मी टाचणीनं पुन्हा लावलं, बुधवारच्या उरावर.
गुरुवारी नवऱ्यानं विचारलं, आज वार कोणता?
मंगळवार, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे पाव कापला.

रात्री प्रार्थनेला बसले
की शब्द दारापर्यंत जायचे आणि वळायचे.
कोणीतरी आतून म्हणतंय, अगं, तू गेली नाहीस अजून?

शनिवारी फेरी सुटली.
पिशवीत रुबार्बच्या मुरंब्याची बरणी,
डोक्यात तीन वाक्यं, पाठ केलेली,
मिक्लादालूरच्या चढावर तीनही सांडली.
दार उघडलं. त्याच्या दाढीत पांढरं किती आलंय!
बरणी घेतली, उजेडाकडे धरली,
आईचीच कृती का, एवढंच म्हणाला.

त्याच्याही भिंतीवर तेच कॅलेंडर. शनिवार.
मंगळवारचं वाचलंस?
फेरी बंद होती, तो म्हणाला, बरणीचं झाकण पिळत.
मंगळवारी चालू होती, हानुस.
हो. तुझ्याकडूनही चालूच होती की.

मग त्यानं खोपटातून वाळवलेल्या मांसाचं तंगडं आणलं,
हाडाजवळची जाड फोड कापून माझ्यापुढे सरकवली.
वल्ह्याचं तेवढं चुकलं माझं, मी म्हटलं.
तो बराच वेळ सुरी पुसत राहिला.
माफ केलं असं म्हणाला नाही.
चारच्या फेरीला मात्र धक्क्यापर्यंत आला
आणि माझी रिकामी पिशवी उगाचच हातात घेऊन चालला.

घरी येऊन टाचणी काढली.
मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार,
पाच पानं एकदम फाडली.
मधली चार न वाचलेली. असू दे.
रविवारचं पान समोर आलं, कोरं करकरीत.
ते उलटायच्या आधी
मी कॉफी गार होऊ दिली.